आरोग्याची तासिका दिवाळीच्या आत हवी

केसपेपर लिहिताना पहिला प्रश्न नावाचा असतो, दुसरा वयाचा. नाव मुलगी स्वतः सांगते. वय मात्र सोबतची बाई सांगते. "एकोणीस सरलं की साहेब." मुलगी खाली पाहत असते. हातातला हिरवा चुडा अजून नवा असतो. तीन महिने पाळी नाही, चक्कर येते, जिना चढताना दम लागतो. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात, वजन अडतीस किलो. शाळा कितवीपर्यंत झाली, असे विचारले की तेवढ्यापुरती ती मान वर करते. "नववी. औंदाच सोडली." नववीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी किती वर्षांची असते, हे गणित त्या खोलीतल्या प्रत्येकाला येत असते.

केज परिसरात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी वयाचा पुरावा मागावा लागतो. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ते आम्ही करतो. घरच्यांनाही हे ठाऊक झाले आहे. म्हणून काही वेळा तिचे वय वाढते, आणि काही वेळा ती दवाखान्यात येतच नाही. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. सातच्या हिमोग्लोबिनवर घरी झालेल्या बाळंतपणात जो रक्तस्राव होतो, तो थांबेपर्यंत वाट पाहण्याएवढे रक्त तिच्या अंगात नसते.

थोडक्यात, डॉक्टर उशिरा पोचतो, पोलीस त्याहून उशिरा. वेळेवर त्या मुलीच्या समोर रोज उभी असलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे तिचे शिक्षक. शाळा सुरू होऊन पुस्तकांना कव्हरे घातली जात असताना हा विषय काढतो आहे, तो याच कारणाने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातल्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले गेले. अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले आणि बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. म्हणजे राज्याच्या दुप्पट. त्याच सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. जन्माआधी नको असलेली, जन्मल्यावर अर्धपोटी वाढलेली आणि नववीत उजवून टाकलेली अशी ही एकाच मुलीची गोष्ट आहे. तिच्यात शाळेची आठ-नऊ वर्षे येतात. त्या वर्षांत आपण तिला तिच्या शरीराबद्दल आणि हक्कांबद्दल काय सांगतो?

पुस्तके उघडून पाहिली तर काहीच सांगत नाही असे म्हणता येणार नाही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनमध्ये तिसऱ्या धड्यात मानवी प्रजनन आहे. स्त्री आणि पुरुषांची प्रजननसंस्था, ऋतुचक्र, लैंगिक आरोग्य, सारे आहे. त्याच पुस्तकात 'सामाजिक आरोग्य' नावाचा स्वतंत्र धडा आहे. ताणतणाव, व्यसने, मोबाइलचा अतिरेक, सायबर गुन्हे हे विषय त्यात घेतले आहेत. पुस्तक तयार करणाऱ्यांना याबद्दल धन्यवादच द्यायला हवेत.

अडचण वेगळी आहे. आमच्याकडची मुलगी शाळा सोडते आठवी-नववीत आणि हे धडे आहेत दहावीत. 'सामाजिक आरोग्य' हा दहा धड्यांपैकी नववा. पुस्तक क्रमाने शिकवत गेले तर त्याची पाळी हिवाळ्यात येते. तेव्हा केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतल्या वर्गांत काय चित्र असते, हे वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली कुटुंबे ट्रकवर संसार चढवून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या फडांवर जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्याबरोबर काही मुले जातात. जी राहतात, ती म्हाताऱ्या आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. दहावीच्या राहिलेल्या मुलांना तोपर्यंत बोर्डाच्या परीक्षेने घेरलेले असते. ज्यांच्यासाठी धडा लिहिला ते विद्यार्थी तो धडा येण्याआधीच वर्गातून गेलेले असतात.

आणि धडा वेळेवर आलाच तरी तो शिकवला जातो का? अनेक वर्षे शाळांच्या तपासण्यांना जाताना मी मुलांना हा प्रश्न सहज विचारत आलो आहे. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते. "सरांनी घरी वाचायला सांगितलाय." मी शिक्षकांना दोष देत नाही. जे त्यांना कोणी शिकवले नाही, ज्याबद्दल घरी बायकोशीही धड बोलणे होत नाही, ते पन्नास मुलामुलींसमोर बोलायचे म्हणजे धाडस लागते. उद्या एखाद्या पालकाने तक्रार केली तर पाठीशी कोण उभे राहील, ही भीतीही खरी आहे.

ही भीती आपणच वाढवली आहे. २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिका आणि चित्रे यांवरून राज्यात गदारोळ झाला आणि सरकारने ते शिक्षण शाळांतून थांबवले. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि त्यातल्या मजकुरासाठी खटले सोसले, त्याच महाराष्ट्राने ऐंशी वर्षांनी हे पाऊल मागे घेतले. कर्व्यांच्या मासिकात वाचक जे प्रश्न विचारत, तेच प्रश्न आजही दवाखान्यात येतात. फरक एवढाच की आता त्यांची उत्तरे मोबाइलवर कोणीही देतो.

मुलांचीच गोष्ट घ्या. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एकटाच येतो, 'अशक्तपणा' सांगतो आणि सलाइन लावा म्हणतो. तपासणीत काहीच निघत नाही. दार लोटून दोन मिनिटे बोलले की खरे दुखणे बाहेर येते. झोपेत वीर्य जाते, त्यामुळे आपण खचत चाललो आहोत, लग्नाला नालायक होणार आहोत, अशी त्याची खात्री झालेली असते. वयात येणाऱ्या मुलांत ही पूर्णपणे नैसर्गिक गोष्ट आहे. पण आपल्या भाषेत तिला 'स्वप्नदोष' म्हणतात आणि नावातच दोष चिकटवल्यावर पोराने काय समजावे? दोन मिनिटांच्या बोलण्याने जे सुटते, त्यासाठी तो आधी रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैदूकडे आईच्या गाठीचे दोन-तीन हजार घालवून आलेला असतो. मुलींच्या अज्ञानाची निदान चर्चा तरी होते. मुलांच्या भीतीची होतच नाही, आणि याच घाबरलेल्या मुलाचे पुढे एकविसाच्या आत लग्न लागते.

या अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये साऱ्या देशाला दाखवले. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तिशीतल्या कितीतरी होत्या. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करता येणार नाही, असा दंडक आला. तो आवश्यकच होता. पण त्या बाया टेबलापर्यंत कशा पोचल्या, याचा विचार करा. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत बदलायला कापड नाही. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते. बहुतेक वेळा हा औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असतो. पण कोणीतरी सांगते की पिशवी सडली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पिशवी म्हणजे नेमके काय, ती कुठे असते, तिच्या शेजारच्या अंडाशयांचे काम काय आणि तीही काढली तर हाडे का ठिसूळ होतात, हे त्या बाईला कधीच कोणी सांगितलेले नसते. ती अंगठा देते.

तिला डॉक्टर व्हायचे नव्हते. फक्त तीन प्रश्न विचारता यायला हवे होते. सोनोग्राफीत काय दिसले? औषधाने बरे होणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का? शाळेत एखाद्या तासाला ती आकृती फळ्यावर निघाली असती, तर कदाचित हे प्रश्न आले असते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक ना एक त्रास होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. जगाने त्या अभ्यासाची दखल घेतली. त्यांनी पुढे तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरे सुरू केली. आजार शोधण्याइतकेच बोलणे सुरू करणे महत्त्वाचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

'हे शिकवले तर मुले बिघडतील', हा आक्षेप नेहमी येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. शास्त्रीय लैंगिक शिक्षणामुळे मुलांचे लैंगिक वर्तन वाढत नाही किंवा लवकर सुरू होत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांचे घ्या. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी २००८ पासून तिथे सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर स्त्री-पुरुष समतेचा कार्यक्रम राबवला. जिथे वर्गात बसून गटचर्चा झाल्या, तिथे मुलांच्या विचारांत झालेला बदल नुसत्या मोहिमा आणि फलकांच्या शाळांपेक्षा जास्त होता. इंग्लंडमध्ये नागरिकशास्त्र २००२ पासून माध्यमिक शाळांत सक्तीचे आहे आणि नातेसंबंध, लैंगिकता व आरोग्य यांचे शिक्षण सप्टेंबर २०२० पासून. लैंगिक शिक्षणाच्या भागातून मुलाला वगळण्याची विनंती तिथे पालक करू शकतात, आरोग्याच्या भागातून नाही. पालकांना विश्वासात घेण्याची ती एक पद्धत आहे. आपली पद्धत आपण ठरवू. पण बिघडण्याचे सामान मुलांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आधीच आलेले आहे. न शिकवल्याने ते दूर होत नाही, फक्त योग्य माणूस गैरहजर राहतो.

यात नागरिकशास्त्राचा संबंध काय, असे कोणी विचारेल. माझ्या मते आरोग्य आणि नागरिकत्व हे एकाच तासाचे दोन भाग आहेत. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. लग्न लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या राज्यात गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या क्रमांकावर कोणत्याही मुलाला फुकट फोन करता येतो. हे सारे पुस्तकात 'मूलभूत हक्क' म्हणून पाठ करणाऱ्या मुलीला, तिच्या मैत्रिणीची हळद उद्या असताना फोन कोणाला करायचा हे माहीत नसेल, तर ते नागरिकशास्त्र फक्त गुणांपुरते राहिले.

दुसरे उदाहरण तंबाखूचे. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. गुटख्यावर तर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. नववीच्या मुलांना टेप द्या आणि फाटकापासून ९१ मीटर मोजायला सांगा. त्यांच्या हद्दीत किती टपऱ्या येतात ते लिहू द्या. मग त्यांनीच ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचे काय झाले ते ऐकावे. तोंडाचा कर्करोग, कायदा, मोजमाप आणि ग्रामपंचायतीचा कारभार हे चारही विषय एका आठवड्यात होतात. टपरीवाला कदाचित हलणार नाही. पण अर्ज कसा करायचा हे तीस मुलांना कळलेले असेल.

हिंसेबद्दलही बोलायला हवे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि केजचे नाव साऱ्या राज्यात गेले. पुढे त्या छळाची छायाचित्रे मोबाइलवर फिरली. मोठ्यांना झोप लागली नाही, मग ती पाहिलेल्या मुलांचे काय झाले असेल? त्यांच्याशी त्यावर कोणी बोलले का? दहशत म्हणजे रुबाब, असे सांगणारी रील रोज पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला राग आला तर काय करायचे, धमकी आली तर कोणाला सांगायचे, मित्र चुकत असेल तर कसे अडवायचे, हे शिकवणे हा आरोग्याचाही विषय आहे. मनावर ताण असेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, एवढे तरी प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

हे करण्यासाठी नवी योजना नको. ती कागदावर आहे. आयुष्मान भारतखालचा शालेय आरोग्य कार्यक्रम १२ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाला. प्रत्येक शाळेत एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांनी 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण घ्यायचे, आठवड्याला एक तास याप्रमाणे २४ आठवड्यांत अकरा विषय शिकवायचे, अशी त्याची मांडणी आहे. मांडणी चांगली आहे. पण महिनाभरातच कोरोनाने शाळांना कुलपे लागली आणि सुरुवातीचा जोर गेला. शिवाय २४ आठवडे हे गणित दिल्लीच्या कॅलेंडरवर बसते, कोयत्याच्या कॅलेंडरवर नाही. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या हाती पंधरा-सोळा आठवडेच असतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ऊसतोडीच्या तालुक्यांत आठवी आणि नववीला दर आठवड्याची एक ठरलेली तासिका असावी आणि सर्वांत गरजेचे पंधरा विषय दिवाळीच्या आत संपवावेत. पहिल्या पाच तासांत शरीर : पाळी, प्रजनन, मुलांचे वयात येणे, रक्तक्षय, आहार. पुढच्या पाचात मन आणि सवयी : ताण, राग, व्यसन, मोबाइल, नको असलेला स्पर्श. शेवटच्या पाचात कायदा आणि गाव : लग्नाचे वय, पॉक्सो, ग्रामसभा, सरकारी दवाखान्यात काय मिळते, डॉक्टरला कोणते प्रश्न विचारायचे. परीक्षा नको, गुण नकोत. मुलामुलींचे काही तास वेगळे घ्यायला हरकत नाही, पण मुलांनाही पाळी शिकवा आणि मुलींनाही मुलांचे वयात येणे. पहिल्या तासाआधी पालकांची बैठक घेऊन त्यांना पुस्तकच दाखवा. शिक्षकांना जड जाईल तो तास आम्हा डॉक्टरांना, परिचारिकांना किंवा आशाताईंना द्या. आमच्यावरही बोजा आहेच, पण प्रत्येक आरोग्य केंद्राने महिन्याला एका शाळेत एक तास देणे अशक्य नाही.

एका लहान गोष्टीवरून याचे महत्त्व कळेल. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. बरीच मुले ती खिडकीबाहेर टाकतात, कारण शौचाला काळे होते म्हणून घाबरतात. काळे होणे अपायकारक नाही, गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर चहा पिऊ नये, लिंबू पिळलेले काही खाल्ले तर लोह जास्त शोषले जाते, एवढे दहा मिनिटांत सांगता येते. गोळी आहे, पैसा खर्च झाला आहे. फक्त दहा मिनिटांचे बोलणे नाही, म्हणून ती नालीत जाते.

शिक्षणाने बालविवाह आपोआप थांबतील, असा माझा भ्रम नाही. कोयता जोडीला मिळतो, एकट्याला नाही. त्यामुळे पोराचे लग्न झाले की घरात एक उचल वाढते. पोरीला फडावर न्यावी तर कोपीला दार नसते, आणि गावात ठेवावी तर जबाबदारी कोणाची, असा आईबापांचा प्रश्न असतो. तो खोटा नाही. त्याला उत्तर वसतिगृहांचे आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना पूर्ण ताकदीने चालली, तर अनेक लग्ने निदान दोन-तीन वर्षे पुढे जातील. ज्ञान आणि निवारा या दोन्ही गोष्टी लागतील. निवाऱ्याला पैसा आणि जागा लागते. तासिकेला वेळापत्रकातली एक चौकट लागते.

त्या नववी झालेल्या मुलीला मी गोळ्या लिहून दिल्या, पुढच्या तपासणीची तारीख दिली, जे कळवायचे ते कळवले. निघताना तिने एकच प्रश्न विचारला, तोही सासू औषधे घ्यायला खिडकीवर गेल्यावर. "बाळाचं रगत माझ्यातून जातं का?" मी कागदावर आकृती काढून दाखवली. तिने ती नीट पाहिली. हा प्रश्न तिने एका वर्षापूर्वी वर्गात विचारायला हवा होता आणि तिथे कोणीतरी फळ्यावर ती आकृती काढायला हवी होती.

दिवाळीला अजून चार महिने आहेत.